उन्हाने करपणारी पाने : गोव्यातल्या गॅलरीत कुंड्या कशा जपाव्यात

अँथुरियम, कलाथिया, एग्लोनिमा, पीस लिली, मॉन्स्टेरा ही सगळी उष्ण प्रदेशातली झाडे, तेव्हा गोव्याच्या उन्हाचे त्यांना काय वावडे असणार, असे आपल्याकडे सर्रास धरून चालतात. मार्च लागताच त्यांची पाने करपू लागली की पाणी कमी पडले असे समजून कुंडीत तांब्यावर तांब्या ओतला जातो. या दोन समजुतींपायी दरवर्षी चांगली वाढलेली झाडे हकनाक जातात. उकाडा सोसणे वेगळे आणि थेट ऊन सोसणे वेगळे. मॉन्स्टेरा मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या रानांतले, अँथुरियम कोलंबिया आणि इक्वेडोरमधले, एग्लोनिमा आग्नेय आशियातले. आणि घनदाट रानात शेंड्यांवर पडणाऱ्या उजेडापैकी जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्केच उतरतो. मोले किंवा नेत्रावळीच्या रानात भर दुपारी शिरल्यावर डोळ्यांना अंधार सरावायला जो वेळ लागतो, त्यावरून याची कल्पना येईल. ही झाडे त्या तळाच्या अंधारात, उबदार आणि दमट हवेत वाढलेली आहेत.

गोव्यातल्या माणसाला ही गोष्ट समजण्यासाठी परदेशातल्या रानात जाण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे कुळागरे आहेत. माझ्या मामांचे कुळागर सावईवेऱ्याला आहे. तिथे सर्वांत वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढलेली मिरी, मधल्या जागेत केळी आणि जायफळ, आणि पायाशी अननस, हळद, आले अशी रचना असून प्रत्येक झाड वरच्याच्या सावलीत उभे असते. पोफळीचे रोप नवे असताना त्याला केळीची सावली मिळेल अशा बेताने लागवड करतात. एवढेच नव्हे, तर बागेच्या कडेला उभ्या असलेल्या मोठ्या पोफळीच्या खोडालाही नैर्ऋत्येकडून येणारे तिरपे ऊन भाजते, त्या जागी खोड चिरते आणि पुढे वाऱ्याने नेमके तिथेच मोडते. म्हणून त्या बाजूने खोडावर झावळ्या बांधतात किंवा चुना फासतात. लहानपणी मी विचारले होते, “मामा, पोफळ तर इथलीच ना, तिला कसले ऊन लागते?” त्यावर ते म्हणाले, “शेंड्याला चालते रे, खोडाला नाही चालत.” एकाच झाडाच्या दोन भागांची सोसण्याची ताकद इतकी निराळी असेल, तर दिवाणखान्यात वाढलेल्या कुंडीला गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवताना किती विचार करायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

पान करपते म्हणजे नेमके काय होते

पानावर पडणाऱ्या उजेडापैकी जेवढा अन्न तयार करण्यासाठी वापरता येतो, त्याहून जास्त पडला की उरलेली ऊर्जा पानातच घातक ठरते आणि हरितद्रव्य नष्ट होऊ लागते. त्याच वेळी पान तापत असते. एरवी ते आपल्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते. पण मुळांकडून पाणी पुरेसे येईनासे झाले की ही छिद्रे मिटतात आणि पानाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही कितीतरी अंशांनी वर जाते. भर दुपारच्या उघड्या उन्हाचा उजेड सुमारे 1,00,000 लक्स असतो, तर खिडकीपासून चार-पाच फुटांवर घरात तो हजार-दोन हजारांच्या आसपास असतो. आपल्या डोळ्यांची बाहुली लहानमोठी होत असल्यामुळे हा फरक आपल्याला तितका जाणवत नाही. पानाला मात्र तो पूर्णच्या पूर्ण सोसावा लागतो.

सावलीत उमललेले पान रुंद, पातळ आणि गडद असते. उन्हात उमललेले पान तुलनेने लहान, जाड आणि वर मेणाचा चांगला थर असलेले असते. एकदा पूर्ण वाढलेले पातळ पान नंतर जाड होऊ शकत नाही, झाड फक्त नवे पान नव्या उजेडाला साजेसे तयार करते. पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून ती नीट लक्षात घ्यावी.

करपलेले पान ओळखणे कठीण नाही, पण घाईत चूक होते. दोन वर्षांपूर्वी फोंड्याच्या घरी मी एका रोपवाटिकेतून आणलेली पीस लिली पश्चिमेकडच्या गॅलरीत ठेवली आणि दोन दिवस बाहेरगावी गेलो. परत आल्यावर सर्वांत वरच्या पानाच्या मध्यभागी, शिरेच्या एका बाजूला, तळहाताएवढा फिकट पांढुरका डाग पडला होता. बोट फिरवले तर तो भाग तेलकागदासारखा पातळ आणि कोरडा लागत होता. त्याखालच्या पानाचा अर्धा भाग वरच्या पानाने झाकला होता. उघड्या अर्ध्या भागाचा रंग वाळलेल्या गवतासारखा झालेला आणि झाकलेला भाग पूर्वीइतकाच हिरवागार, दोहोंच्या मध्ये कात्रीने कापल्यासारखी रेघ. अशी रेघ दिसली की शंका उरत नाही, कारण बुरशी किंवा कीड सावलीची हद्द पाळत नाही. उन्हाचा डाग सूर्याकडे तोंड केलेल्या भागावर, बहुधा पानाच्या मधल्या फुगीर पृष्ठावर पडतो, आधी फिकट आणि मग तपकिरी होतो, आणि झाड सावलीत नेल्यावर पसरत नाही. डागाभोवती पिवळे वलय असेल आणि तो रोज वाढत असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. फक्त टोके आणि कडा वाळत असतील तर कोरडी हवा, पाण्याची ओढ, कुंडीत साठलेले खत किंवा समुद्राकडून येणारा खारा वारा ही कारणे पाहावीत. किनाऱ्याजवळच्या घरांनी आठवड्यातून एकदा तरी सकाळी पाने साध्या पाण्याने धुवावीत, म्हणजे मिठाचा थर साचत नाही.

ऊन कुठून येते ते आधी पाहावे

सावलीसाठी कुठलीही जाळी विकत घेण्यापूर्वी एक पूर्ण दिवस आपल्या गॅलरीचे निरीक्षण करावे, असा माझा आग्रह आहे. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता ऊन कुठवर आले आहे ते फरशीवर खडूने आखून ठेवले तरी पुरे. गोव्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराला, त्यामुळे खरे जाळणारे ऊन अकरापासून चार वाजेपर्यंतचे असते. सकाळी साडेनऊपर्यंतचे कोवळे ऊन बहुतेक झाडांना मानवते.

इथे एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. गोवा साधारण 15 ते 16 अंश उत्तर अक्षांशांमध्ये येतो. त्यामुळे एप्रिलअखेरीस किंवा मे महिन्याच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सूर्य अगदी डोक्यावर येऊन दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. ‘आमची गॅलरी उत्तरेची आहे, तिथे ऊन येतच नाही’ हे वाक्य डिसेंबरात खरे असते, मे महिन्यात नाही. मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवून पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, आणि उत्तरेच्या गॅलरीत सकाळी व विशेषतः साडेतीननंतर तिरपे ऊन शिरू लागते. वर्षभर तिथे निर्धास्तपणे उभी असलेली कलाथिया मे महिन्यात अचानक करपते, ती यामुळेच.

दुसरे म्हणजे परावर्तित ऊन. चुन्याने किंवा पांढऱ्या रंगाने रंगवलेली समोरची भिंत, शेजारच्या इमारतीच्या काचा, गच्चीवरची फिकट फरशी यांवरून परतणारा उजेड थेट उन्हाइतका नसला तरी सावलीतल्या पानाला पुरेसा जाचक असतो, आणि तो खालून किंवा समोरून येत असल्यामुळे डोक्यावरची जाळी त्याला अडवत नाही.

उजेड मोजण्याचे यंत्र नसेल तरी चालते. दुपारी बारा वाजता झाडाच्या पानांपासून फूटभर वर हात धरावा. हाताची सावली काळी आणि बोटाबोटांची कड स्पष्ट दिसेल अशी पडली, तर ती जागा फक्त बोगनवेल, अडेनियम, चाफा, जास्वंद यांच्यासाठी आहे. कड पुसट पण हाताचा आकार ओळखू येईल अशी सावली पडली, तर क्रोटन, ड्रॅसिना, अरेका पाम, डेन्ड्रोबियम ऑर्किड यांना ती जागा चांगली. सावली आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी फिकट असेल, तर तिथे कलाथिया, एग्लोनिमा, पीस लिली, नेचे आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड ठेवावेत.

सावली कशी करावी

शेडनेट म्हणून मिळणारी जाळी टक्क्यांवर विकली जाते आणि हा टक्का अडवलेल्या उन्हाचा असतो, आत येणाऱ्या उजेडाचा नव्हे. पानांसाठी ठेवलेल्या बहुतेक कुंड्यांना 50 टक्क्यांची जाळी पुरते. अँथुरियम आणि फॅलेनॉप्सिससारख्यांना 75 टक्क्यांची लागते, आणि अँथुरियमची व्यापारी लागवडही 75 ते 80 टक्के सावलीतच करतात. 90 टक्क्यांची जाळी घरगुती वापरासाठी घेऊ नये. झाड अंधारात लांबट आणि दुबळे होते आणि वाराही अडतो. माझे मत असे की 50 टक्क्यांचीच जाळी थोडी जास्त घ्यावी आणि गरज असेल तिथे ती दुहेरी बांधावी, म्हणजे अर्ध्याचे अर्धे होऊन 25 टक्के उजेड आत येतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक थर काढून उजेड वाढवताही येतो.

जाळी पानांना टेकवून बांधणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. काळी किंवा गडद हिरवी जाळी स्वतः तापते आणि तिला चिकटलेले पान भाजते. शेंड्यापासून किमान दीड-दोन फूट अंतर ठेवावे आणि बाजू उघड्या ठेवाव्यात, म्हणजे गरम हवा निघून जाते. पश्चिमेच्या गॅलरीत जाळी छतासारखी आडवी न बांधता पडद्यासारखी उभी सोडावी, कारण तिथले ऊन वरून नव्हे तर समोरून येते. दोरीवर कड्या घालून ती सरकती केली तर सकाळी उघडून दुपारी ओढता येते. घर बैठे असेल आणि अंगण असेल तर माडाच्या चुडतांसारखी सावली दुसरी नाही, कारण ती तापत नाही आणि तिच्या फटींतून सरकणारे कवडसे एका जागी टिकत नाहीत. अचानक गरज पडली तर जुने सुती लुगडे किंवा पांढरी चादर दोरीवर टाकावी. प्लास्टिकचा कागद मात्र कधीही वापरू नये, कारण त्याखाली उष्णता कोंडते.

जाळीपेक्षाही मला भरवशाची वाटते ती कुळागराची रीत. कठड्याच्या बाजूला, जिथे ऊन सर्वांत कडक, तिथे बोगनवेल, जास्वंद किंवा अडेनियमच्या मोठ्या कुंड्या ठेवाव्यात. त्यांच्या आत फूट-दीड फुटावर अरेका पाम, क्रोटन, रबर प्लांट. आणि त्यांच्याही मागे, भिंतीलगत जमिनीवर, अँथुरियम, कलाथिया आणि एग्लोनिमा. अशा जवळजवळ ठेवलेल्या कुंड्यांच्या पानांतून निघणारी वाफ तिथली हवाही थोडी दमट ठेवते. गोव्यात मे महिन्यात दमटपणाची वाण नसते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा येतो, तेव्हा पारा अचानक चढतो. 2023 च्या मार्चमध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे राज्यातल्या शाळा दुपारपूर्वीच सोडाव्या लागल्या होत्या. म्हणून मे महिन्याची वाट न पाहता शिगम्याच्या आधीच जाळी बांधून व्हावी.

नव्या झाडाला उन्हाची सवय

रोपवाटिकेतून झाड आणताना ते तिथे कुठे उभे होते आणि किती टक्क्यांच्या जाळीखाली होते, हे विचारावे. माझी पीस लिली करपली ती या एका प्रश्नाच्या अभावी. ती दाट जाळीखाली वाढलेली होती आणि विकणाऱ्याने ते आपणहून सांगितले नाही. ऊन आवडणारे झाडदेखील महिनाभर सावलीत राहिले असेल तर ते थेट उन्हात ठेवल्यावर भाजते, मग ती जास्वंद का असेना. नवे झाड पहिला आठवडा भरपूर उजेडाच्या सावलीत ठेवावे. त्यानंतर सकाळचे अर्धा तास ऊन द्यावे, आणि दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास वाढवत दोन ते तीन आठवड्यांत त्याला त्याच्या जागी आणावे. एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करूच नये.

आणखी एक बारीक गोष्ट. झाड सगळीकडून सारखे वाढावे म्हणून कुंडी अधूनमधून फिरवण्याची चांगली सवय अनेकांना असते; उन्हाळ्यात ती थांबवावी. कुंडी फिरवली की इतके दिवस मागे सावलीत असलेली पातळ पाने एकदम उन्हासमोर येतात.

मुळे थंड, तर पान थंड

पानावर सावली केली पण कुंडी उन्हात राहिली, तर अर्धेच काम झाले. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी हाताला चटका देते, आणि आतल्या मातीचे तापमान 40 अंशांच्या वर गेले की मुळे पाणी ओढेनाशी होतात. अशा वेळी माती ओली असूनही झाड मान टाकते, आणि पाहणारा आणखी पाणी घालून मुळे कुजवतो. दुपारी मलूल झालेले झाड दिसले तर आधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी न घालता कुंडी सावलीत सरकवावी. संध्याकाळी झाड आपोआप सावरते.

मातीची कुंडी अंगातून पाणी झिरपवून थंड राहते, म्हणून उन्हाळ्यासाठी ती उत्तम. फक्त तिला पाणी जास्त वेळा लागते. डिचोलीच्या कुंभारांच्या किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या साध्या, रंग न दिलेल्या कुंड्या पाहाव्यात, कारण तैलरंग दिला की कुंडीची झिरपण्याची क्षमता जाते. प्लास्टिकची कुंडी बदलता येत नसेल तर ती तशीच एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू किंवा सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालांचे, तुकडे भरावेत. कुंड्या तापलेल्या फरशीवर किंवा चिऱ्याच्या गडग्यावर थेट ठेवू नयेत. खाली लाकडी पाट किंवा विटांचे दोन तुकडे द्यावेत. मातीवर दोन बोटे जाडीचा काथ्याचा किंवा वाळलेल्या पानांचा थर पसरावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये.

पाणी सकाळी आठच्या आत, कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे. गच्चीवर पसरलेल्या नळीत साचलेले पाणी दुपारी कढत असते. नळी वापरायचीच असेल तर ते पहिले पाणी बादलीत सोडून द्यावे, हाताला गार लागल्यावरच झाडाला घालावे. पानांवर थेंब राहिले तर ते भिंगासारखे काम करून पान जाळतात, असे पुष्कळजण सांगतात. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रयोग करून दाखवले की गुळगुळीत पानांवर असे होत नाही; लव असलेल्या पानांवर थेंब पृष्ठापासून वर उचलला जातो, तिथेच तो धोका संभवतो. तेव्हा पाने धुण्याची भीती बाळगू नये. मात्र पानांवर पाणी फवारल्याने उन्हापासून संरक्षण मिळते हेही खरे नाही. धोका खरा आहे तो निंबोळी तेलाचा आणि साबणाच्या द्रावणाचा. हे सकाळी फवारून झाड उन्हात राहिले तर पाने हमखास भाजतात, म्हणून फवारणी सूर्य मावळल्यावरच करावी.

करपल्यानंतर

झाड लगेच भरपूर उजेडाच्या सावलीत हलवावे, अंधाऱ्या खोलीत नव्हे. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, तरीही सगळी पाने छाटून टाकण्याची घाई करू नये. उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न तयार करत असतो, आणि वाळलेला भागही खालच्या पानांवर सावली धरतो. अर्ध्याहून जास्त गेलेले पान, तेही झाडाला दोन-तीन नवी पाने फुटल्यावर, देठापासून कापावे. महिनाभर खत देऊ नये आणि कुंडी बदलू नये, कारण दुखावलेल्या मुळांना दोन्ही गोष्टी जड जातात. मॉन्स्टेरा किंवा पाम असेल तर मधला कोंब तपासावा. तो हिरवा आणि टणक असेल तर झाड वाचले असे समजण्यास हरकत नाही. माझ्या पीस लिलीने पाच आठवड्यांनी पहिले नवे पान दिले.

मे महिन्याच्या शेवटी पावसाळ्यापूर्वीचे वारे सुटले की जाळी काढून घडी करून ठेवावी, नाहीतर ती फाटते आणि फडफडून झाडांनाच ओरबाडते. पण ती अडगळीत फार खोल ठेवू नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगाळ हवेत झाडांना जी भरघोस पाने फुटतात, ती सगळी सावलीतली पाने असतात, आणि पाऊस उघडून आकाश एका आठवड्यात लख्ख झाले की ऑक्टोबरचे ऊन त्यांच्यावर पडते. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणून या वेळी दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या गॅलरीत जाळी लागते, उत्तरेला लागत नाही. घटस्थापनेच्या सुमारास ती पुन्हा बांधावी, दिवाळीपर्यंत ठेवावी, आणि मग आठ दिवसांत रोज थोडी थोडी बाजूला सरकवत काढावी.